होडीच्या फळीला कान

आज संध्याकाळी वाशीच्या सागर विहारला कट्ट्यावर तासभर डोळे मिटून बसले होते. समोर ओहोटीची खाडी, कानात हेडफोन.

नॉर्वेची याना विंडेरेन ही ध्वनिकलाकार समुद्रात हायड्रोफोन सोडते, म्हणजे पाण्याखाली चालणारे माइक, आणि तिथलं ऐकून रचना करते. तिच्यामुळे मी असली रेकॉर्डिंग शोधून ऐकायला लागले. समुद्र आतून शांत नसतोच! आज कानात फोडणीतल्या मोहरीसारखी तडतड होती. ती कोळंबीच्या जातीतले इवलेसे जीव नांगी मिटून करतात. मग जहाज आलं. एक जड घरघर, आणि तिच्याखाली सगळं बुडालं.

पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो, हवेतल्या चौपटीहून जास्त. शिवाय असा जड, खालच्या पट्टीतला आवाज पाण्यात फारसा विरत नाही, म्हणून ही घरघर फार दूरवर पोचते. सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेवरच्या हल्ल्यानंतर कॅनडाजवळच्या फंडीच्या उपसागरात जहाजं कमी झाली, तेव्हा तिथल्या देवमाशांच्या विष्ठेत ताणाची संप्रेरकं कमी सापडली. हे वाचल्यापासून मला चैन नाही.

शेजारी जाळं सांधत बसलेल्या कोळी काकांना हेडफोन दिला. ऐकून म्हणाले, "आमचा आजा होरीच्या फलीला कान लावून घोल वलखायचा. आता निसता इंजिनाचा आवाज."

घोळ मासळी खरंच आवाज करते, पोटातली हवेची पिशवी थरथरवून.

पुलावरून पनवेल लोकल गेली. खाली, पाण्यात, ती कशी ऐकू येत असेल? काका म्हणालेत, एकदा इंजिन बंद करून होडीत बसवतो.