बंब

आजोळी बंब म्हणजे न्हाणीघरातला. तांब्याचा, पोटात निखारे आणि भोवती पाणी. नारळाच्या शेंड्या घालून आजी तो पेटवायची. आग विझवायला धावते त्या लाल गाडीलाही बंबच म्हणतात हे कळलं, तेव्हा मी चक्रावलोच होतो. 'अग्निशमन वाहन' मात्र आजही तोंडात बसत नाही.

अँब्युलन्सचा आवाज आला की लोक नजर चुकवतात. बंब दिसला की माना वळतात. १४ एप्रिलला तो शाळांच्या पटांगणात उभा असतो, तेव्हा पोरं पायरीवर चढून घंटा शोधतात. १९४४ साली त्याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत बोटीचा स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. त्यांच्या आठवणीचा हा दिवस. पोरांना तेवढं ठाऊक नसतं, आणि घंटाही सापडत नाही.

रस्त्यावर हाच बंब आला की आपण आधी आरशात बघतो, मग शेजारच्याकडे. तो हलला तर मी हलेन. २०१९ च्या दुरुस्तीनंतर वाट न दिल्यास १०,००० रुपये दंड, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मला दंडापेक्षा पाण्याचा हिशेब पटतो. बंबात ४,५०० लिटर असेल तर नुसतं पाणीच साडेचार टन. ते आत हिंदकळत असताना तुमच्या-माझ्यासारखा कचकन ब्रेक कसा लावणार? तरी दोघं-तिघं हौशी त्याच्या शेपटाला धरून मोकळ्या वाटेने निघतातच, वरातीत निघाल्यासारखे.

'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' म्हणतात. गेल्या उन्हाळ्यात पुण्यात, शनिवार पेठेत, बंब बरोब्बर रामेश्वरीच आला होता. आतल्या वाड्यात मीटरच्या बोर्डाने पेट घेतला होता, आणि गल्लीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना दुचाक्या. सम-विषम तारखांच्या पार्किंगच्या पी१, पी२ पाट्या आपापल्या जागी, गाड्या मात्र दोन्हीकडे. मी वरच्या मजल्यावर शिंप्याकडे पँट कमी करायला गेलेलो. खिडकीतून बघत होतो. दोघं जवान होज खांद्यावर घेऊन पायीच आत पळाले. बाकीचे गाड्या हलवायला लागले : एक हँडलला, एक मागच्या कॅरिअरला, "हं, उचल!"

"काय लोक असतात," मी म्हणालो. शिंप्याने सुई तोंडात धरूनच मान डोलावली.

अर्ध्या तासाने खाली आलो तर माझी स्कूटर जागेवर नाही. तीन दुकानं पलीकडे वडापावच्या गाड्याला टेकवलेली सापडली. एक आरसा आत वळलेला, सीट ओली.

"तुमची होय?" वडे तळणाऱ्या मावशी म्हणाल्या. "हँडल लॉक होतं हो. लई शिव्या घातल्या पोरांनी."