बाजेंची २८ दिवसांची रजा

ऑल्डरशॉटच्या प्रिन्सेस गार्डन्समध्ये सकाळी दहाच्या सुमारास गेलात, तर बाकांवर नेपाळी आजी-आजोबा बसलेले दिसतील. डोक्यावर ढाका टोपी, अंगात जाड जाकीट, गळ्याला मफलर. लंडनहून रेल्वेने तासाभराच्या अंतरावरचं हे गाव दीडशेहून अधिक वर्षं ब्रिटिश लष्कराची छावणी म्हणून ओळखलं जातं. मी शेजारच्या फार्नबरोत राहते. नवीन आले तेव्हा मला वाटायचं, मुलं नोकरीसाठी इकडे आली असतील आणि मागाहून आईवडिलांना घेऊन आली असतील, आपल्याकडची कितीतरी मंडळी आणतात तशी. इथे नेमकं उलटं होतं. म्हातारे आधी आले होते, आणि मुलं बऱ्याच घरांत नेपाळातच राहिली होती.

हे मला बाजेंकडून कळलं. बाजे म्हणजे नेपाळीत आजोबा. ग्रंथालयात एका सरकारी फॉर्मसमोर ते बराच वेळ बसून होते, मी हिंदीत विचारलं आणि ओळख झाली. ते मला ‘नानी’ म्हणतात. त्यांच्याकडे लहान मुलांना, लेकीसुनांना मायेने तसं म्हणतात. पूर्व नेपाळातल्या डोंगरातून १९६५ साली, १८ व्या वर्षी ते ब्रिटिश सैन्याच्या गुरखा पलटणीत भरती झाले. परदेशी पलटणीत जाणाऱ्याला तिकडे ‘लाहुरे’ म्हणतात. पूर्वी लोक लाहोरला जाऊन शिपाई होत, तेव्हापासूनचा हा शब्द. बाजेंनी बोर्नियोचं जंगल पाहिलं, हाँगकाँगची सीमा राखली, आणि १५ वर्षांनी पेन्शन घेऊन गावी परतले.

पुण्यात आमच्या गल्लीत रात्री काठी आपटत, शिट्टी वाजवत फिरणाऱ्या माणसाला आम्ही ‘गुरखा’ म्हणायचो. त्याचं नाव काय, तो कुठल्या गावचा, हे आमच्या घरात कोणी कधी विचारलं नाही. बाजेंशी बोलताना ते मला पुन्हा पुन्हा आठवतं आणि वाईट वाटतं.

गुरख्यांची भरती १८१५ पासूनची. ईस्ट इंडिया कंपनीचं नेपाळशी युद्ध चालू होतं आणि समोरच्या सैनिकांचं शौर्य पाहून इंग्रजांनी त्यांनाच आपल्या फौजेत घ्यायला सुरुवात केली. १९४७ साली भारत, ब्रिटन आणि नेपाळ यांच्यात करार झाला. दहा गुरखा रेजिमेंटांपैकी सहा भारताकडे राहिल्या, चार ब्रिटनकडे गेल्या. ब्रिटनकडे गेलेल्यांचं मूळ वेतन आणि पेन्शन भारतीय सैन्याच्या दरांशी बांधलं गेलं. निवृत्त झाल्यावर हा माणूस नेपाळातच परतणार, तिथल्या खर्चाला तेवढं पुरेल, असा त्यामागचा हिशेब. म्हणजे एकाच सैन्यात, एकाच राणीची शपथ घेऊन लढलेल्या दोघांपैकी एकाचं पेन्शन यॉर्कशरच्या महागाईवर ठरायचं आणि दुसऱ्याचं डोंगरातल्या गावाच्या.

१ जुलै १९९७ ला हाँगकाँग चीनकडे गेलं आणि ब्रिटनच्या गुरखा ब्रिगेडचं मुख्य ठाणं तिथून ब्रिटनमध्ये आलं. ती तारीख पुढे कुऱ्हाडीसारखी वापरली गेली. २००४ साली गुरख्यांना इथे स्थायिक होण्याचा हक्क मिळाला, तो त्या तारखेनंतर निवृत्त झालेल्यांनाच. आधीच्यांचं ब्रिटनशी पुरेसं नातं नाही, असं सरकारचं म्हणणं. सप्टेंबर २००८ मध्ये उच्च न्यायालयाने ते धोरण बेकायदा ठरवलं. अभिनेत्री जोआना लम्ली या लढ्याचा चेहरा झाल्या. त्यांचे वडील सहाव्या गुरखा रायफल्समध्ये अधिकारी होते. २९ एप्रिल २००९ ला संसदेत सरकार २४६ विरुद्ध २६७ मतांनी हरलं, आणि मे महिन्यात चार वर्षं सेवा केलेल्या सगळ्यांना दार उघडलं.

बाजेंच्या घरी त्या दिवशी मिठाई वाटली गेली होती. पण मला वाटतं, खरा अन्याय तिथूनच पुढे झाला, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

दार उघडलं, पेन्शन तेवढंच राहिलं. २००७ पासून चालू सैनिकांना ब्रिटिश सैनिकांच्या बरोबरीने वेतन आणि पेन्शन लागू झालं, पण १९९७ आधी निवृत्त झालेले जुन्याच योजनेत अडकून पडले. सरकार सांगतं की गुरख्यांना १५ वर्षांनी, तिशीतच पेन्शन सुरू व्हायचं, तर त्या काळच्या ब्रिटिश शिपायाला २२ वर्षं भरल्याशिवाय काहीच मिळत नसे. मुद्दा खरा आहे. २०१६ साली स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयानेही सरकारचीच बाजू मान्य केली. तरी मला तो पटत नाही. तिशीत गावी धाडलेल्या माणसाने पुढची चाळीस वर्षं त्या तुटपुंज्या रकमेत काढली, मुलांची शिक्षणं त्यातच केली. शिवाय १९६० च्या दशकाअखेर कपात झाली तेव्हा १५ वर्षं भरण्याआधीच घरी पाठवलेल्या हजारो जवानांना पेन्शन मिळालंच नाही.

आणि इथेच पेच पडला. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या गरीब वृद्धाला सरकार ‘पेन्शन क्रेडिट’ देतं. ते लष्कराच्या पेन्शनपेक्षा कितीतरी जास्त. म्हणून ज्यांना गाव सोडायचंच नव्हतं, तेही सत्तरीत विमानात बसले. भाषा येत नाही, थंडी सोसवत नाही, डॉक्टरकडे दुभाषा लागतो. अठरा वर्षांवरच्या मुलांना आपोआप येता आलं नाही. कमावलेलं पेन्शन पुरेसं मिळालं असतं तर हा माणूस आज आपल्या ओसरीत बसला असता. “पैसा हक्काचा हवा होता, नानी,” बाजे म्हणाले, “मिळाली ती मदत.”

ऑगस्ट २०२१ मध्ये काही माजी गुरखा सैनिक लंडनमध्ये डाउनिंग स्ट्रीटसमोर, म्हणजे पंतप्रधानांच्या निवासासमोर, उपोषणाला बसले. तेराव्या दिवशी सरकारने चर्चेचं आश्वासन दिलं आणि उपोषण सुटलं. जुनं पेन्शन आजही बरोबरीला आलेलं नाही. तिथून जवळच हॉर्स गार्ड्स ॲव्हेन्यूला गुरखा सैनिकाचा पुतळा आहे, त्याखाली त्यांना शूरांतले शूर म्हटलंय. ते शब्द राल्फ टर्नर यांचे. पहिल्या महायुद्धात ते गुरखा पलटणीत अधिकारी होते, आणि आपल्या मराठीच्या उच्चारातल्या आघातावर निबंध लिहिणारे भाषातज्ज्ञही तेच.

हे वाचून आपल्याकडे कोणी इंग्रजांकडे बोट दाखवेल. भारताने एक गोष्ट नीट केली आहे: आपल्या सैन्यातल्या नेपाळी जवानाला भारतीय जवानाइतकंच वेतन आणि पेन्शन मिळतं. पण २०२२ साली अग्निपथ आली, चार वर्षांची नोकरी आणि पेन्शन नाही. नेपाळने ती अट मान्य केली नाही आणि तिथली भरती थांबली. बाजेंचा नातू त्याच भरतीसाठी रोज पहाटे डोंगर चढायचा. आता तो कतारला गेलाय.

पेन्शन क्रेडिटची एक अट आहे. चार आठवड्यांपेक्षा जास्त काळ देशाबाहेर राहिलं तर ते सहसा बंद होतं. काठमांडूहून बाजेंच्या गावी पोचायलाच दोन दिवस लागतात, आणि दशैं, म्हणजे तिकडचा दसरा, पंधरा दिवसांचा. मागच्या आठवड्यात ते तिकीट घेऊन माझ्याकडे आले. भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, तू मोज. मी जाण्याच्या दिवसापासून येण्याच्या दिवसापर्यंत बोट ठेवत मोजलं. २७ भरले. त्यांनी चष्मा लावला आणि पुन्हा पहिल्या तारखेपासून स्वतः मोजायला सुरुवात केली.