घोट्याचं ऑपरेशन: हाड जुळलं, जखम मात्र रेंगाळली

११ जुलै २०२३. कराडला त्या आठवड्यात पावसानं उघडीपच दिली नव्हती. मागच्या अंगणातल्या शहाबादी फरशीवर शेवाळ धरलं होतं. बादली उचलून वळले आणि उजवा पाय सटकला. कट्‌कन आवाज आला. खाली बघितलं तर पाऊल भलत्याच दिशेला वळलेलं होतं.

मी शिलाईकाम करते. बावीस वर्षं पायाच्या मशीनवर ब्लाऊज शिवतेय आणि पायडल चालतं ते उजव्याच पायावर. त्यामुळे रिक्षात बसतानाही दुखण्यापेक्षा मशीनचाच विचार डोक्यात होता.

दवाखान्यात पोचेपर्यंत सूज इतकी चढली की पैंजण पकडीनं तोडावं लागलं. एक्स-रेमध्ये आतला आणि बाहेरचा असे दोन्ही घोटे मोडलेले दिसले. डॉक्टरांनी मला कळेल असं सांगितलं. नडगीचं जाड हाड आणि त्याच्या शेजारचं बारीक हाड, या दोघांच्या खालच्या टोकांनी पावलाचं हाड चिमट्यात धरल्यासारखं धरलेलं असतं. माझा चिमटा दोन्हीकडून तुटला होता आणि वर त्या दोन हाडांना बांधणारा पट्टाही फाटला होता. "ताई, हे हाड एक मिलिमीटर जरी बाहेर सरकून राहिलं, तरी सांध्यात टेकणारी जागा चाळीस टक्क्यांहून जास्त कमी होते. मग सांधा लवकर झिजतो. म्हणून प्लेट घालायची." एक मिलिमीटर म्हणजे आमच्या टेपवरच्या सुताचा (इंचाच्या आठव्या भागाचा) तिसरा हिस्सा. बाहीत तेवढा फरक पडला तर गिऱ्हाइकाच्या ध्यानातही येत नाही.

त्यांनी पाऊल ओढून जागेवर बसवलं, कच्चं प्लास्टर घातलं आणि ऑपरेशन सूज उतरल्यावर करू म्हणाले. घरात यावरून बरीच वादावादी झाली. दीर म्हणाले, दुसरीकडे नेऊ, तिथे उद्याच करतील. मावशीनं हाडवैद्याचं नाव काढलं. तिसऱ्या दिवशी घोट्यावर दोन फोड आले, एक पाण्याचा आणि एक रक्ताळलेला. डॉक्टर रोज कातडी बघायचे आणि म्हणायचे, "सुरकुत्या पडू देत." मला ते पटलं. अंगाला तटतटलेल्या ब्लाऊजला टाका घातला तर तो उसवणारच. घोट्यावर मांस नसतंच, हाडावर थेट कातडी. सुजलेली कातडी कापली तर ती परत जुळत नाही. बारा दिवस पाय उशीवर वर ठेवून काढले. त्या बारा दिवसांबद्दल मला आजही काही तक्रार नाही. कुणी घाई करत असेल तर त्याला थांबायलाच सांगेन.

याच दिवसांत रक्त तपासलं आणि तीन महिन्यांची साखर ९.४ निघाली. आईला मधुमेह होता, मी कधी तपासलंच नव्हतं. लगेच इन्सुलिन सुरू झालं.

सही घेताना डॉक्टर खुर्ची ओढून बसले आणि काय काय होऊ शकतं ते सांगितलं. जखम चिघळू शकते, पायाचा काही भाग बधिर राहू शकतो, पोटरीच्या शिरेत गाठ होऊ शकते, हाड उशिरा जुळतं, सांधा आखडतो. पोटरी एकदम सुजून दुखली किंवा धाप लागली तर रात्र असली तरी निघून यायचं, हे त्यांनी दोनदा सांगितलं. तसं माझ्या बाबतीत झालं नाही. बाकीच्यांतलं बरंच झालं.

ऑपरेशनला पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखाली भूल दिली. ड्रिलचा आवाज ऐकू येत होता, दुखत काहीच नव्हतं. बाहेरच्या हाडाला प्लेट, आतल्या घोट्यात दोन स्क्रू आणि फाटलेल्या पट्ट्यासाठी दोन्ही हाडांतून आरपार एक लांब स्क्रू. नंतरचा एक्स-रे बघून सगळ्यांनी छान झालं म्हणून सांगितलं, आणि ते खरंच होतं.

घरी आल्यावर नवव्या दिवशी बँडेजवर बाहेरच्या बाजूला रुपयाएवढा पिवळा डाग दिसला. दवाखान्यात फोन केला. ज्यांनी उचलला ते म्हणाले, थोडं ओलं होतंच, तारखेला या. मी चार दिवस थांबले. या गोष्टीचा मला अजून राग येतो, त्यांचाही आणि माझाही. डाग वाढतोय हे मी डोळ्यांनी बघत होते. बँडेज सोडलं तेव्हा वरचे टाके एकसारखे सुंदर बसले होते, माझ्या हाताला कौतुक वाटावं असे. खालच्या तीन टाक्यांपाशी मात्र कडा काळी पडलेली, आणि दाबल्यावर पू आला. डॉक्टरांचा चेहरा उतरला. "फोन आला त्याच दिवशी तुम्हाला बोलवायला हवं होतं," असं ते स्वतःच म्हणाले.

पू तपासायला पाठवला, त्यात स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू निघाला. पुन्हा भूल, पुन्हा थिएटर. जखम उघडून धुतली, मेलेली कातडी काढली. प्लेटपण काढून टाका म्हणून मी रडले. ते म्हणाले, प्लेट घट्ट आहे तोवर हाड जुळेपर्यंत ती काढायची नाही. हलणाऱ्या हाडात जंतू जास्त माजतात. जंतूला लागू पडतील अशी अँटिबायोटिक्स आणि एक दिवसाआड ड्रेसिंग, असे पाच आठवडे गेले. जखम तळापासून भरत आली, लाल दाणेदार मांस दिसायला लागलं. सिस्टर म्हणायच्या, हा रंग चांगला. त्या पाच आठवड्यांत साखर ताब्यात आली नसती तर ती भरली नसती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पाय टेकवायला आधी सहा आठवडे सांगितले होते, साखरेमुळे ते बारा झाले. मधुमेहात पायाची जाणीव कमी होऊ शकते. मग दुखणं कळत नाही आणि कच्च्या हाडावर भार पडून सांधाच ढासळू शकतो. वॉकरनं तळहातांना घट्टे पडले. तो आरपार स्क्रू नोव्हेंबरमध्ये काढला. ते काम छोटं होतं.

आणि मग कळलं की घोटा हलतच नाही. हाड जुळलेलं आणि पाऊल मात्र लाकडासारखं. टॉवेल पायाच्या पंजाला अडकवून ओढायचा, पायरीवर टाच खाली सोडायची, असे व्यायाम फिजिओ ताईंनी दिले. मी विचारलं, मशीनचा पट्टा काढून मोकळं पायडल मारलं तर चालेल का? त्या खूश झाल्या. म्हणाल्या, याहून चांगलं काय! पहिल्या दिवशी वीस वेळा झालं. पंजा पुढे जायचा, पण टाच मागे दाबायची वेळ आली की सांध्याच्या पुढच्या बाजूला काहीतरी अडल्यासारखं व्हायचं आणि पायडल मधेच थांबायचं. मी चाक हातानं फिरवून पुढे न्यायचे. महिन्यानं चाक आपलं आपण फिरायला लागलं. पट्टा चढवून पहिली सरळ शिलाई मारली ती जुन्या अस्तराच्या तुकड्यावर, मार्च २०२४ मध्ये. तो तुकडा मी ठेवून दिलाय.

आज पाय कसा आहे? चालते, जिना चढते, दिवसाला तीन ब्लाऊज होतात, पूर्वी पाच व्हायचे. टाच टेकवून उकिडवं बसता येत नाही, गावी गेलं की अडचण होते. पावलाच्या वरच्या बाजूला तळहाताएवढा भाग बधिर आहे. तिथे मुंगी चढली तरी कळत नाही, म्हणून रोज रात्री पाय उजेडात धरून बघते. संध्याकाळी सूज येते. पुढेमागे सांधा झिजू शकतो, म्हणून वर्षातून एकदा एक्स-रे काढायचा आहे. तीन महिन्यांची साखर आता ६.८ आहे.

माझ्याकडे ब्लाऊज टाकायला येणाऱ्या एका वहिनींच्या सासूबाईंचा घोटा गेल्या महिन्यात मोडला. त्यांना मी तीन महिन्यांची साखर आधी तपासून घ्यायला लावली. आणि बँडेजवर डाग दिसला तर फोन करत बसू नका, रिक्षा करून सरळ जा, असं सांगितलं. त्यांची सूज अजून उतरायची आहे.