जांभळे डाग

जुनी पत्रं, नकाशे, चित्रं टिकवायची, हे माझं काम. कागद-संवर्धन म्हणतात त्याला. परवा टेबलावर पहिल्या महायुद्धातल्या एका ब्रिटिश सैनिकाची चित्रवही आली. खिशात मावेल एवढी, फ्रान्समधल्या आघाडीवर भरलेली. सोबत चिठ्ठी होती : चौदाव्या पानावरचे जांभळे डाग निघाले तर काढा, प्रदर्शनात तेच पान उघडं ठेवायचं आहे.

पानावर एक उद्ध्वस्त गाव. चर्चची एकच भिंत उरलेली, बाजूला छपराच्या वाशांचा सांगाडा, आणि त्यापुढून पाठमोरी चाललेली सैनिकांची रांग. गावाचं नाव कुठेच नाही. घरी लिहिलेल्या पत्रांत ठिकाण सांगायला बंदी असे, तीच सवय वहीत उतरली असावी. खाजगी कॅमेऱ्यालाही ब्रिटिश सैन्यात मनाई होती. पाहिलेलं जपायचं तर हातात पेन्सिल तेवढी.

ही पेन्सिलही साधी नव्हती, कॉपिंग पेन्सिल होती. तिच्या शिशात ग्राफाइटबरोबर ॲनिलिनचा रंग असतो. कोरड्या कागदावर ती राखाडी उमटते, ओल लागली की जांभळी होते आणि मग खोडली जात नाही. आघाडीवरची कितीतरी पत्रं तिनेच लिहिलेली आहेत. अशा पानाला पाण्याचा थेंबसुद्धा दाखवायचा नसतो. 'डाग निघणार नाहीत' असं लिहून मी वही परत पाठवू शकले असते.

सवयीने पान सूक्ष्मदर्शकाखाली घेतलं आणि तासभर तिथेच खिळले.

चर्चची भिंत राखाडी होती. तिच्या रेघांवर जिथे थेंब पडले, तिथे रंग फुटून गोल पसरला होता; म्हणजे रेघ आधीची, पाणी नंतरचं. वाशांपर्यंत हेच. सैनिकांच्या रेघा मात्र टोकापासून टोकापर्यंत गर्द जांभळ्या, कडा किंचित फुगलेल्या. त्या भिजल्या नव्हत्या, ओल्या कागदावरच ओढल्या होत्या. गाव काढून होईपर्यंत पाऊस सुरू झाला होता. रांग त्यानंतर आली, आणि हा माणूस आडोशाला न जाता तिथेच चित्र काढत राहिला.

मला ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल आठवला. हाही आघाडीवरचाच, टेहळणी करणारा सैनिक. १९१७ साली नव्याने स्थापन झालेल्या इम्पीरियल वॉर म्युझियमने त्याच्याकडून चित्रं करून घेतली. पडकी गावं, चिखल, सैनिक, अशी सुमारे १८० शाई-रेखाटनं. पुढे क्षयाने सॅनेटोरियममध्ये पडून असताना त्याने चित्रकलेचाच आधार घेतला, आणि १९४२ मध्ये 'आर्ट थेरपी' हा शब्द दिला. जर्मनांकडून मशीनगन चालवणारा चित्रकार ओटो डिक्सही खंदकात रेखाटनं करत होता. युद्धावरची त्याची ५० एचिंग्ज, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून छापलेली चित्रं, १९२४ मध्ये आली. ती पाहताना आजही पोटात गोळा येतो. पण त्यांत डिक्सचा सहा वर्षांचा विचार आहे. माझ्यासमोरच्या पानाला विचार करायला वेळच मिळालेला नव्हता, आणि म्हणूनच ते मला इतकं मोलाचं वाटलं. त्या गावावर त्या दुपारी पडलेला पाऊस अजून त्या कागदात आहे.

अहवालात 'नुकसान' या रकान्यात मी डाग लिहिले होते. ते खोडून 'चित्राचा भाग, हात लावू नये' असं लिहिलं. प्रदर्शनवाल्यांना फोन करून बोलावलं आणि सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. दिवे मंद ठेवा, हा रंग उजेडाने उडतो, हेही दोनदा बजावलं.

रांगेतल्या शेवटच्या सैनिकाला पाठ आणि खांद्यावरची बंदूक आहे, पाय नाहीत. तिथे पेन्सिलीच्या टोकाने भिजलेल्या कागदाचे तंतू ओढले गेलेत. समोरचं पान कोरं आहे, पण नीट पाहिलं तर त्यावर फिकट जांभळी रांग उलटी उमटलेली दिसते. वही ओलीच मिटली होती.