गोळीने डोकं खरंच जास्त चालतं का?

उत्तेजक औषधांनी हुशारी वाढते, हा समज काही केल्या जात नाही. मिथाइलफेनिडेट हे असंच एक औषध. ते डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन ही मेंदूतली निरोप पोचवणारी रसायनं चेतापेशीत परत शोषली जाणं अडवतं, त्यामुळे समोरचं काम महत्त्वाचं वाटतं आणि माणूस त्याला चिकटून बसतो. एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं अवघड जाण्याचा विकार, असलेल्याला याचा खरा उपयोग होतो, अर्थात डॉक्टरांच्या देखरेखीत. बाकीच्यांचं काय?

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मेलबर्नच्या प्रयोगात निरोगी लोकांना आलटूनपालटून ३० मिलिग्रॅम मिथाइलफेनिडेट, १५ मिलिग्रॅम डेक्सअँफेटामिन, २०० मिलिग्रॅम मोडाफिनिल आणि औषध नसलेली गोळी दिली. कोडं असं: ठरावीक वजन पेलणाऱ्या पिशवीत जास्तीत जास्त किमतीच्या वस्तू बसवा. औषधावर असताना लोकांनी वेळ जास्त घालवला, वस्तू जास्त वेळा आतबाहेर केल्या, पण त्या हालचाली अंदाधुंद होत्या. घाम जास्त, हाती कमी!

डोस वाढवूनही भागत नाही. डोपामिन कमी पडलं तरी कपाळामागचा मेंदू ढेपाळतो, अती झालं तरी.

कॅफिनचं गणित वेगळं. ते अ‍ॅडेनोसिन या झोप आणणाऱ्या रसायनाची मेंदूतली जागा अडवून झोपेची जाणीव तेवढी दाबतं. शरीरातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण ५ तास लागतात, म्हणजे दुपारी ४ ला घेतलेल्या २०० मिलिग्रॅमपैकी १०० रात्री ९ लाही अंगात असतं.