अ बरोबर ब

गुरुवार, रात्री साडेदहा

दिवसभर पावसाने उसंत दिली नाही. गंगापूर धरणातून पाणी सोडलंय. नाशकात गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी आलं, ही बातमी मला वर्गातच कळली. पेठ-सुरगाण्याहून रोज ये-जा करणारी मुलं आलीच नाहीत.

आली त्यांना प्रॅक्टिकलला संगणक सुरू करू दिले नाहीत. कोरे कागद वाटले आणि फळ्यावर प्रोग्रामच्या चार ओळी लिहिल्या:

अ = ५
ब = ७
अ = ब
ब = ९

शेवटी अ किती?

एफवाय बीएस्सीची मुलं ही. जर्नलं पूर्ण आहेत, फॅक्टोरियल नि पॅलिंड्रोमचे ठरावीक प्रोग्राम तोंडपाठ. तरी ३१ पैकी ११ कागदांवर ९ आणि चार कागदांवर ५. बरोबर उत्तर ७.

"नऊ कुणाकुणाचं आलं? का आलं, ते सांगा." कुणी बोलेना. मग सुरगाण्याची एक मुलगी उभी राहिली. वसतिगृहात राहते म्हणून आज हजर होती, एरवी मान वर करत नाही. इंग्रजीत सुरुवात केली नि अडली. म्हटलं, "मराठीत सांग गं."

"मॅडम, अ बरोबर ब असं एकदा म्हटलंय ना? मग ब नऊ झाला तर अ सातच कसा राहील? ते बरोबर कसं होईल?"

मी खडू धरून तशीच उभी राहिले. शाळेत ती जे शिकली, त्याला ती पक्की धरून होती. समीकरणात बरोबर म्हणजे कायमचं बरोबर. शिवाय आपल्या भाषेत त्याच शब्दाचा अर्थ 'खरं' असाही होतो. आणि गेली चौदा वर्षं मी वर्गात 'क बरोबर क अधिक एक' असं मोठ्याने वाचत आलेय! गणिताच्या दृष्टीने हे धडधडीत खोटं वाक्य. रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ मध्ये दोन समांतर रेघांचं हे चिन्ह आणलं ते समानतेसाठी. फोर्ट्रान या प्रोग्रामिंगच्या भाषेने ते डावीकडच्या नावात उजवीकडची किंमत ठेवण्यासाठी वापरलं, सी या भाषेतही तेच आहे. अल्गोल आणि पास्कल या भाषांमध्ये निदान त्याच्या आधी दोन टिंबं होती, हे काहीतरी वेगळं आहे एवढं तरी डोळ्यांना कळायचं.

प्रोग्रामिंग शिकताना मुलं कुठे अडतात, या माझ्या संशोधनाबद्दल एका सहकाऱ्यांनी मागे विचारलं होतं, "यात कॉम्प्युटर सायन्स कुठंय?" ते इथेच आहे. मायकेल मॅक्रॅकन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये अनेक विद्यापीठांतल्या पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रोग्राम लिहायला दिले, तेव्हा ११० पैकी सरासरी गुण २३ च्याही खाली आले. २००४ मध्ये रेमंड लिस्टर आणि इतरांनी सात देशांतल्या मुलांना फक्त कोड, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम, वाचायला दिला. अनेकांना तोही नीट वाचता आला नाही. लिहिण्याआधी वाचता यायला हवं, आणि आम्ही तर पहिल्याच आठवड्यात लिहायला लावतो. बेनेडिक्ट दु बूले यांनी १९८६ मध्येच लिहून ठेवलंय की नवशिक्याची खरी अडचण अनेकदा आपण चालवतोय ते यंत्र नेमकं काय करतं, हे न कळण्यात असते. त्या मुलीच्या मनातलं यंत्र आज मला दिसलं. ओरलला दहा प्रश्न विचारूनही ते दिसलं नसतं.

अ म्हणजे किंमत ठेवायचा डबा, ही नेहमीची उपमा मला नको होती. एका डब्यातलं दुसऱ्यात ओतलं की पहिला रिकामा होतो. म्हणून तिला विचारलं, "फळ्यावरचं वहीत उतरवून घेतेस ना? तसं 'अ'ने 'ब'मधलं उतरवून घेतलं, असं वाच बरं."

ती क्षणभर फळ्याकडे बघत राहिली. "मग फळा पुसून नऊ लिहिला, तरी वहीत सातच."

मागच्या बाकावरून दोघांनी आपापला कागद परत मागितला. दिला नाही, दुसरा दिला. पहिल्या उत्तराचे कागद मला तसेच हवेत, फाईलला लावलेत.

५ लिहिणाऱ्या चौघांशी मात्र बोलणं झालं नाही. बहुधा ते ओळ उलटी वाचतात, 'अ'मधलं 'ब'मध्ये जातं असं. पण हा माझा तर्क झाला, त्यांच्या तोंडून ऐकायला हवं. त्यातले दोघे दिंडोरीचे, एसटी गाठायला पळाले. उद्या गाडी सुरू असली तर तास सुरू व्हायच्या आधीच गाठते त्यांना.