कांद्याची पात निळी होईना

निफाड तालुक्यातल्या आमच्या शाळेत पानातल्या स्टार्चचा प्रयोग मी 19 वर्षं घेते आहे. पान आधी उकळत्या पाण्यात, मग स्पिरिट असलेल्या परीक्षानळीत, आणि ती नळी गरम पाण्याच्या चंचुपात्रात. स्पिरिट थेट ज्योतीवर धरलं तर भडका उडतो, म्हणून या वेळी मी टेबलापासून हलत नाही. हरितद्रव्य स्पिरिटमध्ये उतरतं, पान पांढरट आणि पापडासारखं कडक होतं. आयोडीनआधी ते गरम पाण्यात बुडवून मऊ करावं लागतं. मुलं हीच पायरी गाळतात आणि पानाचे तुकडे पडतात. नीट केलं तर आयोडीन घातल्यावर स्टार्चमुळे जास्वंदीचं पान डोळ्यांदेखत निळं-काळं होतं. उरलेल्या हिरव्या स्पिरिटमध्ये मी खडू उभा करून ठेवते. थोड्या वेळाने त्यावर हिरवा आणि त्याच्याही वर पिवळा पट्टा चढतो. ते पिवळं कॅरोटीन पानात आधीपासूनच असतं, हिरव्याखाली झाकलेलं. त्या वेळी वर्ग गप्प होतो.

जानेवारीत एका मुलीने जास्वंदीऐवजी घरच्या शेतातली कांद्याची पात आणली. आमच्याकडे तेव्हा सगळीकडे कांदाच असतो. थोड्या वेळाने ती म्हणाली, "बाई, निळी होत नाही."

मी बघितलंही नाही. पातीवर मेणासारखा थर असतो, आयोडीन आत गेलं नसेल, असं वाटलं. "उभी चीर आणि परत कर." तिने केलं. पात तपकिरी-पिवळीच. तिसऱ्यांदा मी स्पिरिटमध्ये जास्त वेळ ठेवायला लावली. तेच. तिने वहीत लिहिलं, "रंग बदलला नाही." त्यावर मी लाल पेनाने 'प्रयोग चुकला' असा शेरा मारला. बाकीच्या 40 वह्यांत 'पान निळे-काळे झाले' असं होतं. त्यातल्या निम्म्यांनी तरी ते गेल्या वर्षीच्या वहीतून उतरवलेलं, हे मला पक्कं माहीत होतं. त्या सगळ्यांवर माझी सही आहे.

घरी पात चिरताना डोक्यातून ते जाईना. तीन वेळा, तीन पानं, एकच निकाल. रात्री बी.एस्सी.चं वनस्पतिशास्त्राचं पुस्तक काढलं. त्यात चक्क लिहिलेलं होतं, आणि मी ते कधीतरी परीक्षेसाठी पाठही केलं असणार: कांद्याची पात स्टार्च साठवत नाही. प्रकाशसंश्लेषण जोरात चालतं, पण तयार झालेलं अन्न साखरेच्या आणि फ्रुक्टानच्या, म्हणजे फ्रुक्टोज साखरेच्या साखळ्यांच्या, रूपात राहतं. आयोडीन स्टार्चच्या गुंडाळलेल्या साखळीत अडकतं म्हणून निळा रंग येतो. फ्रुक्टानमध्ये तसं होत नाही. हे फ्रुक्टान आपल्यालाही पचवता येत नाही, मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवतात. कांदा खाल्ल्यावर काहींचं पोट फुगतं ते त्यामुळेच.

दुसऱ्या दिवशी तिला मधल्या सुट्टीत बोलावलं. पातीचा बुडाकडचा पांढरा भाग घेतला, म्हणजे हरितद्रव्याचा रंग मध्ये येत नाही. ठेचून, गाळून रस काढला, त्यात साखर ओळखायचं बेनेडिक्टचं द्रावण घातलं आणि नळी उकळत्या पाण्यात धरली. निळं हिरवट झालं, मग पिवळं, मग विटकरी. साखर होती. ती नळीकडे बघत म्हणाली, "म्हणजे पात उपाशी नव्हती."

तिच्या वहीतला शेरा मी खोडला, शेजारी तारीख घालून सही केली आणि माझी चूक झाली असं तिला वर्गासमोर सांगितलं. ते सोपं होतं. त्यानंतर तिने विचारलं, "बाई, प्रात्यक्षिक परीक्षेत मी पातच आणली तर?"

बाहेरून येणारे परीक्षक निळा-काळा रंग शोधतात आणि पुढच्या टेबलाकडे जातात. त्यांच्याशी कोण वाद घालणार, या विचाराने मी म्हणाले, "परीक्षेला जास्वंदच आण."

तिने मान हलवली आणि नळ्या धुवायला घेतल्या.